तळ्यात सूर मारता येईल का?



पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ औंढे नावाचे गाव आहे. ऐन पावसाळ्यात तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर एक साधी गोष्ट करून पाहा. डोंगरावरून उतरणाऱ्या एखाद्या लहानशा ओहळाचे पाणी ओंजळीत घ्या. तळहातावरच्या रेषा स्पष्ट दिसतील. वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारा हा मुलूख. जमीन धुऊन निघालेली, पाणी नुकतेच आकाशातून आलेले. ते स्वच्छ असावे यात नवल नाही.

याच परिसरात, कुरवंड्याच्या डोंगरात, इंद्रायणी उगम पावते. मावळातून ती देहूला जाते, मग आळंदीला, आणि तुळापूरला भीमेला मिळते. सगळा प्रवास जेमतेम शंभर किलोमीटरांचा. पण आळंदीच्या घाटावर नदीवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना तुम्ही वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत पाहिले असतील. उगमाजवळ ओंजळीत घ्यावेसे वाटणारे पाणी इतक्या थोड्या वाटचालीत पाय बुडवायलाही नकोसे का होते?

नदीचे पाणी निदान वाहते तरी. तळ्याचे पाणी एका जागी थांबते. म्हणून तळ्यात गेलेली घाण तळ्यातच राहते. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून गावच्या तळ्यात पोहायला शिकलेली माणसे तुमच्या घरातही असतील. आजोबांना विचारा. ज्या तळ्यात त्यांनी सूर मारले, मुटके मारले, त्यात आज उतरायला ते तुम्हांला परवानगी देतील का? बहुधा नाहीच म्हणतील. मग तळे बिघडते म्हणजे नेमके काय होते, आणि बिघडलेले तळे पुन्हा पोहण्याजोगे करता येते का, ते आज पाहू.

पोहण्याजोगे पाणी कोणते?

पाणी नुसते दिसायला स्वच्छ असून भागत नाही. आपल्या देशातील केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उघड्यावर आंघोळ करण्याजोग्या पाण्यासाठी काही कसोट्या ठरवल्या आहेत. एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम असावा. पाणी फार आम्ल नसावे आणि फार अल्कधर्मीही नसावे. त्याचा सामू ६.५ ते ८.५ यांच्या दरम्यान असावा. आतड्यांतील जीवाणूंच्या कुळातले, कोलिफॉर्म नावाचे जीवाणू दर १०० मिलिलिटरमागे ५०० पेक्षा अधिक नसावेत.

कोलिफॉर्म जीवाणू मोजण्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हे सगळेच जीवाणू रोगकारक नसतात. पण ते मोठ्या संख्येने सापडले, तर पाण्यात मैला मिसळला असावा असा संशय घेता येतो. मैला आला की त्याबरोबर कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतूही येऊ शकतात. चोर दिसला नाही तरी त्याच्या पावलांचे ठसे दिसावेत, तसाच हा प्रकार.

चौथी कसोटी थोडी अवघड नावाची आहे : जैवरासायनिक प्राणवायू-मागणी. पाण्यातील कुजणारी घाण खाऊन टाकताना जीवाणू प्राणवायू वापरतात. घाण जितकी अधिक, तितका त्यांना प्राणवायू अधिक लागतो. ही मागणी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच मावतो. याउलट एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. म्हणजे माशांची पुंजी मुळातच किती तुटपुंजी! उन्हाळ्यात पाणी तापते तेव्हा ती आणखी घटते. त्यातच कुजणाऱ्या घाणीने हात मारला, की एखाद्या सकाळी मेलेले मासे काठाला लागतात.

हिरव्या रंगाचे गणित

शहरातील तळ्याचे पाणी हिरवेगार का होते? पाण्यात सूक्ष्म वनस्पती व जीवाणू असतात. त्यांना आपण ढोबळपणे शेवाळ म्हणतो. शेतातल्या पिकाप्रमाणे त्यांनाही कर्ब, नत्र आणि स्फुरद लागते. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. स्वच्छ तळ्यात स्फुरद अतिशय कमी असते. म्हणून कर्ब आणि नत्र मिळाले तरी शेवाळाची वाढ मर्यादेत राहते. स्वयंपाकघरात पीठ पोत्याने आहे, पण मीठ चिमूटभरच, अशी ती स्थिती.

हे खरे कशावरून? कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी प्रयोगांसाठीच काही सरोवरे राखून ठेवली आहेत. त्यांतील २२६ क्रमांकाचे सरोवर मध्ये चिंचोळे आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी प्लॅस्टिकचा पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले. एका भागात मात्र त्याबरोबर स्फुरदही घातले. स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा निवळच राहिला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात एकाच सरोवराचे दोन रंग दिसले, आणि वाद मिटायला मोठी मदत झाली.

आता आपण एक गणित करू. माणसाच्या मलमूत्रातून रोज सरासरी दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. हजार माणसांच्या वस्तीचे सांडपाणी तळ्यात आले, तर रोज दीड किलो स्फुरद आले. अनुकूल परिस्थितीत एक किलो स्फुरदावर सुमारे पाचशे किलो ओले शेवाळ वाढू शकते. म्हणजे हजार माणसांची एक वाडी रोज साडेसातशे किलो शेवाळाला पुरेल इतके खत तळ्याला घालते! कपडे धुण्याच्या काही पावडरींतून आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतांतून येणारे स्फुरद यात धरलेलेच नाही.

हे शेवाळ दिवसा प्रकाशात प्राणवायू सोडते, पण रात्री तोच वापरते. मेले की तळाशी बसून कुजते आणि उरलासुरला प्राणवायू संपवते. या गर्दीत ‘मायक्रोसिस्टिस’सारखे नील-हरित जीवाणू असतील तर धोका आणखी वाढतो. पाण्यावर हिरव्या रंगाचा थर सांडावा तशी त्यांची साय दिसते. त्यांतील काही जाती यकृताला इजा करणारे विष तयार करतात. असे पाणी पिऊन गुरे दगावल्याची उदाहरणे जगात अनेक ठिकाणी आहेत. अंगाला लागले तर खाज सुटते. म्हणून पाण्यावर अशी हिरवी साय दिसली की पोहण्याचा मोह टाळावा, हे उत्तम.

कोल्हापूरचा रंकाळा

हे सारे आपल्या महाराष्ट्रात कोठे पाहायला मिळेल? कोल्हापूरचा रंकाळा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शहराच्या पश्चिमेला शंभर हेक्टरांहून मोठे हे तळे पसरले आहे. काठावर शालिनी पॅलेस आहे, बाग आहे, चौपाटी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की संध्यामठाची दगडी इमारत अधिकाधिक उघडी पडते. पहाटे फिरायला येणारे, संध्याकाळी भेळ खायला येणारे, काठावर बसून नुसते पाण्याकडे पाहणारे, असे सगळे कोल्हापूर रंकाळ्यावर येते. ज्या तळ्याशी गावाचे इतके जिव्हाळ्याचे नाते, ते तळे आजारी पडले तर गावाला चैन कसे पडेल?

रंकाळा आजारी पडला तो आपण वर पाहिले त्याच कारणांनी. भोवती वस्ती वाढली. वस्तीचे नाले तळ्याकडे वळले. जनावरे आणि कपडे धुण्याचे काम तळ्यातच होई. पाणी हिरवे झाले, वास येऊ लागला. त्यात जलपर्णी माजली. कोल्हापूरकर तिला केंदाळ म्हणतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुगीर देठांमुळे ती तरंगते, आणि खत भरपूर मिळाले तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. आज तळ्याचा सोळावा हिस्सा तिने व्यापला असेल, तर दुपटीच्या हिशेबाने किती दिवसांत तळे झाकले जाईल, ते तुम्हीच काढा. दोन महिनेसुद्धा लागत नाहीत! जलपर्णीखाली पाण्याला उजेड मिळत नाही, वाराही लागत नाही. पाणी जणू पांघरुणाखाली गुदमरते.

कोल्हापुरातील रंकाळाप्रेमी नागरिक, विद्यार्थी आणि तरुण मंडळे केंदाळ काढायला, काठचा कचरा उचलायला पाण्यात उतरली. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला. नाल्यांचे पाणी अडवून ते दुधाळीच्या मलनिस्सारण केंद्राकडे वळवण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. गणेशोत्सवाचाही विचार झाला. मूर्ती प्लॅस्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती सहज विरघळत नाही, रंगांतील काही द्रव्ये अपायकारक असतात, आणि निर्माल्य कुजताना प्राणवायू खाते. म्हणून कोल्हापुरात मूर्तिदानाची चळवळ झाली. रंकाळ्याजवळच इराणी खण नावाची एक जुनी खाण पाण्याने भरलेली आहे. मूर्तींचे विसर्जन तेथे होऊ लागले. श्रद्धेला धक्का न लावता पाणी वाचवण्याचा हा मार्ग लोकांनी आपणहून स्वीकारला, हे विशेष.

एवढे झाले तरी रंकाळा पूर्ण बरा झालेला नाही. कधी पाणी हिरवे होते, कधी मासे मरतात, कधी एखाद्या नाल्याचे पाणी पुन्हा मिसळू लागल्याची तक्रार येते. लोकांची मेहनत फुकट गेली म्हणायची का? मुळीच नाही. पण दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. केंदाळ काढणे म्हणजे ताप उतरवणे. रोगाचे मूळ नाल्यात आहे. जोवर खत येत राहील तोवर केंदाळ नाही तर शेवाळ, काहीतरी वाढतच राहणार. दुसरी गोष्ट अशी की वर्षानुवर्षे आलेले स्फुरद तळाच्या गाळात साठलेले असते. तळाशी प्राणवायू संपला की ते गाळातून सुटते आणि पुन्हा पाण्यात मिसळते. म्हणजे आज सगळे नाले बंद केले तरी तळे काही वर्षे जुन्या शिदोरीवर हिरवे राहू शकते. उथळ तळ्यांत हा त्रास अधिक. म्हणूनच नाला बंद करणे, गाळ काढणे आणि पाण्यात हवा खेळवणे ही कामे एकमेकांच्या जोडीने करावी लागतात, आणि धीर धरावा लागतो.

एका सरोवराची कहाणी

धीर धरला तर काय होते, ते अमेरिकेतील सिएटल शहराने दाखवून दिले आहे. शहराच्या पूर्वेला वॉशिंग्टन सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस किलोमीटर. उन्हाळ्यात काठावर पोहणाऱ्यांची झुंबड उडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरोवराभोवती उपनगरे वाढली. त्यांचे सांडपाणी शुद्ध करूनच सरोवरात सोडत. पण साधे शुद्धीकरण घाण आणि जंतू कमी करते, स्फुरद बरेचसे तसेच ठेवते. १९५५ साली या सरोवरात ‘ऑसिलेटोरिया’ नावाचा नील-हरित जीवाणू सापडला. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक एडमंडसन यांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. कारण स्वित्झर्लंडमधील झुरिकचे सरोवर १८९८ च्या सुमारास बिघडू लागले, तेव्हा तेथेही याच जातीचा जीवाणू दिसला होता. त्यांनी हिशेब मांडला आणि सांगितले, की सांडपाणी असेच येत राहिले तर सरोवर नासेल, आणि ते थांबवले तर सुधारेल.

जेम्स एलिस नावाच्या वकिलाने हा प्रश्न नागरिकांपुढे नेला. सरोवराकाठी अनेक लहान-मोठी गावे होती. प्रत्येकाची नगरपालिका निराळी, पाणी मात्र एकच. सर्वांनी मिळून एक संस्था काढावी आणि सगळे सांडपाणी मोठ्या नळांतून दूर न्यावे, असा प्रस्ताव होता. त्यासाठी कर द्यावा लागणार होता. मार्च १९५८ मध्ये मतदान झाले. शहराने होकार दिला, उपनगरांनी नकार दिला, आणि प्रस्ताव फेटाळला गेला. त्या उन्हाळ्यात पाणी आणखी बिघडले. कार्यकर्ते पुन्हा घरोघर गेले, प्रस्ताव आटोपशीर केला, आणि सप्टेंबर १९५८ मध्ये तो मंजूर झाला.

१९६३ ते १९६८ या काळात एकेक करून सगळी सांडपाण्याची तोंडे सरोवरापासून वळवली गेली. ते पाणी शुद्ध करून समुद्राच्या खाडीत सोडले. पुढे तेथील शुद्धीकरणही वाढवावे लागले. आपली घाण शेजाऱ्याच्या दारात ढकलून प्रश्न सुटत नसतो. सरोवराचे काय झाले? १९६३ मध्ये उन्हाळ्यात पाण्यात जेमतेम एक मीटर खोलपर्यंत दिसत असे. १९७१ पर्यंत तीन-साडेतीन मीटर खोलपर्यंत दिसू लागले. १९७६ मध्ये ‘डॅफ्निया’ नावाच्या पाणपिसवा मोठ्या संख्येने वाढल्या. या इवल्या जीवांचे खाद्य शेवाळच! त्यांनी पाणी जणू गाळून काढले, आणि पुढे उन्हाळ्यात सहा-सात मीटर खोलपर्यंत दिसू लागले. एडमंडसन यांचे भाकीत खरे ठरले.

हे सरोवर इतक्या लवकर का सुधारले? ते ६५ मीटरपर्यंत खोल आहे, डोंगरातून येणारी नदी त्यात स्वच्छ पाणी ओतते, आणि फार उशीर होण्याआधी लोक जागे झाले. पहिली दोन कारणे निसर्गाची, तिसरे माणसांचे. रंकाळ्याला पहिली दोन लाभलेली नाहीत. म्हणून तेथे तिसऱ्याची गरज दुप्पट.

तुम्ही काय करू शकता?

वर मी ‘खोलपर्यंत दिसते’ असे म्हटले. ते मोजतात कसे? आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून ही रीत सुरू केली. आज जगभर तळ्यांसाठी तीच वापरतात. ती तुम्हांला शाळेत सहज करता येईल.

२० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची चकती घ्या. तिचे चार समान भाग करून आळीपाळीने काळा व पांढरा रंग द्या. मध्यभागी भोक पाडून खाली वजन बांधा आणि वर दोरी. दोरीवर दर दहा सेंटिमीटरांवर खूण करा. दुपारच्या सुमारास, शिक्षकांबरोबर, कठडा असलेल्या पुलावरून किंवा घाटावरून, सावलीच्या बाजूला चकती हळूहळू पाण्यात सोडा. ती दिसेनाशी झाली की खूण वाचा. आणखी थोडी खाली जाऊ द्या, मग वर ओढा. पुन्हा दिसली की खूण वाचा. दोन्ही आकड्यांची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता. दर पंधरा दिवसांनी, एकाच जागी, एकाच वेळी मोजून वहीत लिहा. शेजारी पाण्याचा रंग, वास, पाऊस आणि तापमान यांची नोंद करा. एक वर्षाची अशी वही म्हणजे तळ्याची प्रकृती-पत्रिकाच. पाणी बिघडले आहे असे नुसते म्हणण्यापेक्षा, ‘जूनमध्ये १२० सेंटिमीटर होते, मार्चमध्ये ४० झाले’ असे आकडे घेऊन नगरपालिकेत गेलात तर तुमच्या बोलण्याला वजन येईल. मात्र पावसाळ्यात मातीनेही पाणी गढूळ होते. गढूळपणा आणि हिरवेपणा यांत गल्लत करू नका.

दुसरा प्रयोग घरचा. काचेच्या चार बरण्यांत तळ्याचे पाणी सारखे भरा. पहिलीत काही घालू नका. दुसरीत युरियाचे दोन-चार दाणे, तिसरीत सुपर फॉस्फेटची चिमूट, चौथीत दोन्ही घाला. बरण्या खिडकीशी उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको. तीन आठवडे रोज निरीक्षण करा. कोणती बरणी आधी हिरवी होते? का? उत्तर तुम्हीच लिहा. या बरण्या स्वयंपाकघरापासून दूर ठेवा आणि हात साबणाने धुवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका

पुन्हा लोणावळ्याकडे वळू. तेथे वळवण, लोणावळा आणि शिरवटा ही तळी आहेत. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन टाटांनी १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली. भुशीचे धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले. ही तळी स्वच्छ दिसतात, पण ती पोहण्यासाठी बांधलेली नाहीत. धरणाच्या तळ्यात काठापासून दोन पावलांवर एकदम खोली येऊ शकते, खाली चिखल असतो, आणि डोंगरावर पाऊस झाला की ओढा क्षणात फुगतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. तेव्हा पोहण्याजोग्या पाण्याची आणखी एक कसोटी लक्षात ठेवा. ती कोणत्याही प्रयोगशाळेत मोजत नाहीत. पाणी स्वच्छ हवे, तसेच ते सुरक्षितही हवे. पोहायला शिका, जरूर शिका. पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, जेथे परवानगी आहे तेथेच.

तळे राखायचे ते कशासाठी? पिण्यासाठी, शेतीसाठी, हे तर खरेच. पण ज्या तळ्यात मुले पोहतात त्या तळ्याला राखणदार लागत नाही. रोज पाण्यात उतरणाऱ्याला पाण्याचा रंग बदललेला, वास बदललेला, एखादा नवा नाला फुटलेला सर्वांत आधी कळतो, आणि तो गप्प बसत नाही. पोहणे सुटले की तळ्याकडे पाहणेही सुटते, आणि मग कोणीही त्यात काहीही टाकतो. तुमच्या गावच्या तळ्याकडे या रविवारी एक फेरी मारा. बरोबर आजोबांना न्या, आणि ती काळी-पांढरी चकतीही न्या. आजोबा जुने तळे सांगतील, चकती आजचे सांगेल. उद्याचे तळे कसे असावे, हे मात्र तुम्हीच ठरवायचे आहे.